पोचल्याचा निरोप

कोराडी,
९ फेब्रुवारी २०२६

रुपरावभाऊ,

तू मला घरच्या ग्रुपातून काढलंस. फोन लावला तर लागत नाही, म्हणजे तिथंही कुलूप ठोकलेलं दिसतं. ठोक. कागदाला कुलूप लागत नाही. हे पत्र अस्मिता उद्या कॉलेजात जाताना मुग्धाजवळ देईल आणि मुग्धा संध्याकाळच्या उमरेड गाडीनं येऊन तुझ्या हातात ठेवेल. तुझी लेक रोज नोकरीसाठी नागपूरला ये-जा करते हे किती बरं झालं. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

ग्रुपातून काढण्याआधी तू पाच व्हॉइस मेसेज टाकलेस. पाचही मी दोन-दोनदा ऐकले, तेही स्वयंपाक करता करता, त्यामुळे त्या दिवशी वरणात मीठही दोनदा पडलं. तुझं म्हणणं थोडक्यात असं, की अस्मितानं कॉलेजच्या प्रदर्शनासाठी 'जे काही' केलं आहे ते येत्या सोमवारच्या आत काढून टाकायचं. नाहीतर मला उमरेडचं दार बंद. मुग्धाच्या लग्नाचं बोलावणं नाही आणि आईला भेटणं नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हेही तू मला ऐकवलंस. भाऊ, मूठ माझी होती. सव्वा लाख मात्र एवढी वर्षं तू मिरवलेस.

आधी ते 'जे काही' आहे काय, ते तरी समजून घे. अस्मिताचं हे शेवटचं वर्ष. सगळ्या वर्गाला एकच विषय मिळाला, प्रवास. एका मुलीनं प्लास्टरचे शंभर पाय केलेत, एकानं भिंतभर हायवे रंगवलाय. आमच्या कन्येनं काय करावं? भंगारातून एसटीचं एक जुनं बाकडं आणलं, दोन माणसांचं, रेक्झिन फाटलेलं. त्याच्यासमोर मोठा पडदा. पडद्यावर उमरेड ते नागपूरचा रस्ता पळतो, खिडकीतून दिसतो तसा, तिनं स्वतः जाऊन-येऊन शूट केलेला. वर उमरेडच्या विणकराकडून विणून आणलेलं कापड टांगलंय आणि त्यावर रस्त्यातले सगळे थांबे दोऱ्यानं भरलेत. बाकड्यावर कोणी बसलं की पाठीमागून एका बाईचा आवाज सुरू होतो. माणूस उठलं की आवाज बंद. मला वाटायचं चित्रकला म्हणजे कागद आणि रंग. चार वर्षं फी भरून पोरगी भंगार आणते आहे हे पाहून आपल्या घरचे जावई, म्हणजे आमचे हे, दोन दिवस फीच्या पावत्या काढून बसले होते.

आवाज माझा आहे. दिवाळीनंतर एका दुपारी मी भाकरी थापत होते आणि ती म्हणाली, "आई, तुझ्या आयुष्यातला एखादा प्रवास सांग ना." मला वाटलं ही तिरुपतीचं विचारते. पण तोंडातून निघालं दुसरंच. अकरा मिनिटं बोलले. मध्येच मी "अगं बाई, करपली!" म्हणून ओरडते, तेही तिनं तसंच ठेवलं आहे.

मुग्धानं मोबाइलवर त्यातलं अर्धं मिनिट घेतलं आणि कौतुकानं ग्रुपात टाकलं, 'आत्याचा आवाज' असं लिहून, पुढं चार फुलं. त्या अर्ध्या मिनिटात मी एवढंच म्हणते, "रुपरावनं मला सातच्या गाडीत बसवून दिलं आणि घरी जाऊन आईला सांगितलं, पोचली." एवढ्यावर तुला घाम फुटला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

निदान नाव तरी काढा, असं तुझा पाचवा मेसेज म्हणतो. अस्मितानं मला आधीच विचारलं होतं, मामाचं नाव कापू का म्हणून. मी म्हटलं, राहू दे, तो काय परका आहे?

तेव्हा नाव निघणार नाही आणि बाकडंही हलणार नाही. आईला माझा नमस्कार सांग. सांगणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी लिहिते.

तुझी,
प्रेमा

कोराडी,
१२ फेब्रुवारी

भाऊ,

तुझं उत्तर मिळालं. तुझ्या कृषी केंद्राच्या छापील कागदावर लिहिलंस, वर बियाण्याच्या कंपनीचं कणीस, खाली बहिणीला दम. तू लिहितोस, 'त्या दिवशी मी एक शब्द इकडचा तिकडे केला असेल. पण तू कोराडीला पोचलीच होतीस ना? मग त्यात खोटं काय झालं?'

बरं, मग तो दिवस नीटच मांडू. तू विसरला असशील, मी विसरलेली नाही.

एप्रिल अठ्ठ्याण्णव. माझ्या लग्नाला अकरा महिने झाले होते. बी.ए.चं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून मला बोहल्यावर उभं केलं होतं आणि सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "शिकली तेवढी पुरे झाली वं बाई, आता घराकडं पाह्य." परीक्षेचा फॉर्म माझ्या मैत्रिणीनं, गोपिकानं, माझ्या सह्या घेऊन भरला होता. हॉल तिकीट आलं तेव्हा मी सासूबाईंना सांगितलं, माझी आई आजारी आहे, आठ-दहा दिवस जाऊन येते. हे माझं खोटं. आधी माझं सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी फक्त तुझंच उकरते आहे.

तुमच्याकडे आले ती पिशवीत दोन लुगडी आणि चार पुस्तकं घेऊन. रात्री जेवताना तुला सगळं खरं सांगितलं. दहा दिवस राहू दे, सकाळच्या गाडीनं पेपरला जाईन, संध्याकाळी येईन, कोणाला काही त्रास नाही. तुझं तोंड अजून डोळ्यांपुढे आहे. म्हणालास, "तुले समजत कसं नाही वं प्रेमा? उद्या अकरा वाजता मुलीचे लोक घर पाहाले येऊन राहिले. लग्न झालेली बहीण पुस्तकं घेऊन घरात बसली दिसली तं काय म्हणतील? सासरच्यांनी हाकलून देली म्हणतील."

मुलीचे लोक म्हणजे आपल्या कामिनीवहिनीचे. त्यांच्यावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता. पण तुझं घर चांगलं दिसावं म्हणून बहीण घरातून उचलायची, ही तुझी अक्कल.

सकाळी आईनं माझ्या हातावर दही ठेवलं. ती काळजीत होती, कारण तरणी पोर एकटी जात होती. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. घरचं माणूस गावाला निघालं की ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत आई केरसुणीला हात लावत नाही. लेक वाटेत असताना घर झाडणं म्हणजे लेकीला झाडून बाहेर काढणं, असं ती म्हणते. त्या काळात बाबा नागपूरला गेले तरी दुपारपर्यंत घरात कचरा पडलेला असायचा. तू आईला शब्द दिलास, की मी पीसीओवरून जावयांच्या वीज प्लांटात फोन करतो, ते नागपूरच्या स्टॅण्डवर घ्यायला येतील. मला गाडीत बसवलंस. पीसीओकडं पाहिलंसुद्धा नाहीस, सरळ पेढे घ्यायला गेलास. मी खिडकीतून पाहत होते.

घरी आलास तेव्हा सव्वाआठ वाजले होते. अंगणात ज्वारीचा भुसा, ओसरीवर धूळ, अकराला पाहुणे आणि आई कोपऱ्यात हात बांधून बसलेली. निरोप आल्याशिवाय झाडणार नाही म्हणाली. मग तू सांगितलंस, "पीसीओवर फोन आला. पोचली." सव्वाआठला, भाऊ! सातची गाडी सव्वाआठला नागपूरच्या वेशीवरचा दिघोरीचा नाकासुद्धा ओलांडत नव्हती. आईला घड्याळाचं काय कळतं, तिनं तुझ्यावर विश्वास ठेवला आणि घर झाडून घेतलं, सडा टाकला, रांगोळी घातली. तुझी सोयरीक झाली.

हे मला कसं कळलं? तुझ्या लग्नात हळद लावताना आईनंच सगळं सांगितलं, रेडिओवर सव्वाआठच्या बातम्या लागल्या तेव्हा तू परतलास इथपर्यंत, तुझं कौतुक म्हणून. "पाह्य, भावानं तुह्या काळजीनं लगेच फोन लावला होता." मी हळद लावत राहिले. तिथंच तुझं भांडं फोडता आलं असतं. फोडलं नाही, कारण त्याच भांड्यात माझंही झाकलेलं होतं.

तू विचारतोस, पोचलीच होतीस ना?

नाही पोचले. मी त्या दिवशी कोराडीला गेलेच नाही. स्टॅण्डवर उतरले, अर्धा तास बसले, रडले, मग तोंड धुतलं आणि जरीपटक्याची बस धरली. गोपिकाचं घर तिथं बाजाराच्या मागं होतं. तिच्या आईनं काही विचारलं नाही, ताट वाढलं. तिथं मी नऊ दिवस राहिले आणि सगळे पेपर दिले.

गंमत पाहा. कोराडीवाले समजत होते मी उमरेडला आहे. उमरेडवाले समजत होते मी कोराडीला आहे, कारण खुद्द भावानं सांगितलं होतं पोचली म्हणून. कोणी शोधायला निघालं नाही. नऊ दिवस मी कोणाची सून नव्हते, कोणाची बहीण नव्हते, जरीपटक्यात बसून फक्त इतिहासाचं पुस्तक पाठ करत होते. दहाव्या दिवशी सासरी गेले. सासूबाईंनी विचारलं, "आईची तब्येत कशी आहे?" मी म्हटलं, "आता बरी आहे."

तुझ्या त्या खोट्यामुळे मी बी.ए. झाले, भाऊ. द्वितीय श्रेणीत. एवढ्या वर्षांत तुझे आभार मानायचे राहिले होते, ते आता मानते.

प्रेमा

कोराडी,
१६ फेब्रुवारी

भाऊ,

या वेळी तू पत्र लिहिलं नाहीस. सरळ यांना फोन केलास. 'तुमची बायको लग्नानंतर नऊ दिवस कुठं होती ते विचारा तिला.' बहिणीच्या घरात काडी टाकायला तुझं रिचार्ज बरोबर शिल्लक असतं.

तुला वाटलं असेल इथं भांडी आपटतील, मी घाबरून अस्मिताला सांगेन, काढून टाक बाई. काय झालं ते ऐक. हे ड्यूटीवरून आले, जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "नऊ दिवस?" मी म्हटलं, "हो." कुठं ते सांगितलं. ते उठून झोपायला गेले. दुसऱ्या दिवशीही जेवून सरळ झोपायला गेले. मी त्या दिवशी खरंच भ्याले होते, तुझ्यापासून लपवत नाही. मार्कशीट मी सत्तावीस वर्षं कपाटात वर्तमानपत्राच्या घडीखाली ठेवली ती या एका प्रश्नाच्या भीतीनं. ती दाखवली की आधी विचारणार, परीक्षा दिलीस तेव्हा राहिलीस कुठं? बाईचे नऊ दिवस सापडेनात तर लोक त्यात काय काय भरतात, हे मला सांगायला नको आणि तुलाही. सासूबाई गेल्या, तरी काढली नाही. सवय झाली होती भिण्याची.

तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "पाहू तं ते मार्कशीट." चष्मा लावून बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "इतिहासात कमी पडले तुले." मी हसू की रडू मला कळेना. जरा वेळानं म्हणाले, "मले सांगतलं असतं तं?" मी विचारलं, "तं काय केलं असतं तुमी?" खोटं बोलणारा माणूस नाही तो. विचार केला आणि म्हणाला, "नसतं जाऊ देलं."

"मंग?" मी म्हटलं.

ते अजून पहिल्यासारखे बोलत नाहीत माझ्याशी, चहा मागतात तेवढंच. त्यांना लागलं आहे आणि ते मला दिसतं. पण तुझ्या फोनमुळे माझ्या घरात काही मोडलं असेल असं समजू नकोस. जे मोडायचं ते अठ्ठ्याण्णवमध्येच मोडलं होतं, ते आम्ही आता पाहतो आहोत.

आता मुग्धाचं. येत्या रविवारी अकरा वाजता मुलाकडचे तुझं घर पाहायला येणार आहेत, आणि ते नागपूरचे, त्यांच्यातलं कोणी प्रदर्शनाला गेलं तर? हा तुझा घोर. मी मुग्धालाच विचारलं. म्हणाली, "आत्या, तुह्या बी.ए.ले जे घाबरते ते घर मलेच नोको." बापापेक्षा पोरीला जास्त समजतं. आणि खरं सांगू? सोयरीक मोडली तर मला वाईट वाटेल. पण एकदा तुझ्या पाहुण्यांसाठी मी घराबाहेर गेले. आता दुसऱ्यांदा तुझ्या पाहुण्यांसाठी माझा आवाजही बाहेर काढायचा? किती वेळा निघू मी?

आज प्रदर्शन उघडलं. मी गेले होते, कोराडीची धूळ झटकून, चांगली नारिंगी साडी नेसून. बाकड्याशेजारी एक पाटी आहे. अस्मितानं तिच्यावर लिहिलं होतं, 'आवाज: एक बाई.' मी म्हटलं, "एक बाई म्हणजे कोण गं? मला नाव नाही का?" तिनं तिथल्या तिथं पाटी बदलली. आता तिथं माझं पूर्ण नाव आहे, पुढं बी.ए. आहे. सासरचं आडनाव लावलं, आणि हे घरी आल्यावर त्यांनाही सांगितलं. त्यांनी "बरं" म्हटलं.

लोक बसतात आणि ऐकतात. काही अर्ध्यात उठतात, त्यांना तेवढंच ऐकू येतं जेवढं तुला आलं. एक मुलगी तीनदा बसली. एका माणसानं अस्मिताला विचारलं, "ह्यात चित्र कुठं आहे?" तो आणि तू, मला दोघंही एकाच गावचे वाटता.

तू आईला सांगून ठेवलं आहेस म्हणे की अस्मिताच्या कॉलेजात काहीतरी भानगड झाली आहे, तिकडचं नाव काढू नको. मुग्धा सगळं सांगते मला. आईला घरात कोंडून ठेवायला ती काय तुझ्या दुकानातलं पोतं आहे का? ती माझीही आई आहे. दार बंद करायचं ते माझ्यासाठी कर. तिच्यासाठी करशील तर मी उमरेडच्या चौकात उभी राहून बोलेन, तिथं तर बाकडंही लागणार नाही.

प्रेमलता

कोराडी,
२० फेब्रुवारी

भाऊ,

आई इथं आहे. एव्हाना तुला कळलंच असेल, पण घरात कोणी नीट सांगितलं नसेल म्हणून लिहिते.

बुधवारी तू बियाण्याच्या मीटिंगला भिवापूरला गेलास. वहिनीनं आईला चांगलं पातळ नेसवलं, मुग्धासोबत सकाळच्या गाडीत बसवलं आणि स्वतः गाडी हलेपर्यंत स्टॅण्डवर उभी राहिली. वहिनीवर ओरडू नकोस. जे घर पाहून तिच्या माणसांनी होकार दिला ते घर कुठल्या खोट्यावर झाडलं होतं हे तिलाही आत्ता कळलं आहे. तिचंही काही म्हणणं असेल, ऐकून घे.

मुग्धानं आईला काहीच सांगितलं नव्हतं. फक्त, चल आजी, अस्मितानं एसटी केली आहे. आई आली, बाकडं पाहिलं, बसली. अगदी गाडीत बसावं तशी, पिशवी मांडीवर, पदर खोचून. पडद्यावर रस्ता सुरू झाला तशी म्हणाली, "हे तं आपलं स्टॅण्ड आहे वं!" मग माझा आवाज सुरू झाला. पहिल्यांदा ती हसली. भाकरी करपली तिथं मान हलवली. पुढं तुझं आलं, 'पोचली' आलं, तेव्हा ती हलली नाही. जरीपटका आलं, नऊ दिवस आले. तेव्हा तिनं मागं वळून मला शोधलं. मी भिंतीला टेकून उभी होते. पुन्हा पडद्याकडं वळली.

अकरा मिनिटं संपली. सगळे उठतात, ती उठली नाही. मग ते सगळं पहिल्यापासून सुरू झालं. मागं चार-पाच लोक थांबले होते. एक बाई म्हणाल्या, "आजी, आम्हालाही बसू द्या ना." आई त्यांच्याकडं न पाहता म्हणाली, "बसा ना बाजूले, जागा आहे. मी नाही उठत." त्या बाई खरंच बाजूला बसल्या. दोघींनी मिळून सगळं ऐकलं.

मग आई उठली, माझ्याजवळ आली आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "नऊ दिवस! लेक रस्त्यावर अन् म्या घर झाडलं!" लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करते आहे. आई हसत नव्हती.

तिला बी.ए.चं काही नाही, भाऊ. नऊ दिवस मी कोणाकडं होते त्याचंही नाही. गोपिकाच्या आईचं नाव विचारलं तिनं, जिवंत आहे का विचारलं, मी नाही म्हटल्यावर हात जोडले. तुझ्या इभ्रतीबद्दल तर ती एक शब्द बोलली नाही. तिला लागलं ते झाडणं. कोराडीच्या बसमध्ये खिडकीकडं तोंड करून रडली आणि म्हणाली, "काही झालं असतं तुले तं? मी सडा टाकून राहिली होती."

सत्तावीस वर्षं मी मनात हेच घोळवलं की तू मला फसवलंस आणि मी तुला. दोघांनी मिळून आईला फसवलं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. ते तिला त्या बाकड्यावर कळलं आणि मलाही तिथंच. इथं माझी मान खाली आहे. फक्त इथंच. बाकी कुठंच नाही.

मी तिची माफी मागितली. तिनं दिली नाही. म्हणाली, "तुही एकटीची नोको. दोघं सोबत या." मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं यांना विचारून चहा ठेवला, साखर जास्त टाकली आणि तो गोडमिट्ट चहा हे मुकाट्यानं प्यायले. मला वाटतं त्या दोघांचं बरं जमेल. हे अजून प्रदर्शनाला गेलेले नाहीत. रविवारी सुट्टी आहे, पाहू, म्हणतात.

आता आईचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहिते, कारण तिनं दोनदा वदवून घेतलं आहे. "रुपरावले सांग, तिथं येऊन बस. अर्ध्यात उठायचं नाही. सारं आयक. मंग माह्यासमोर सांग फोन आला होता का नाही. तवा मी येतो घरी."

तू म्हणशील, रविवारी अकराला पाहुणे आहेत. आहेत ना. नातीचं घर पाहायला येणार आणि आजी घरात नाही. ते विचारतील, "आजी कुठं आहेत?" काय सांगशील? लेकीकडं गेली, असं सांगितलंस तर ते खरंच आहे. मग ते विचारतील, ऐन आजच कशी? तिथून पुढं तुला एकतर सगळं खरं सांगावं लागेल किंवा पुन्हा एक फोन आणावा लागेल. या वेळी घरात वहिनी आहे आणि मुग्धा आहे, आणि दोघींनाही घड्याळ कळतं.

सोपा रस्ता सांगू? उद्या शनिवार. सकाळच्या गाडीत बस. कॉलेजचं फाटक अकराला उघडतं, मी आईला घेऊन तिथं उभी असेन. अकरा मिनिटांचं काम आहे. तुझं नाव त्यात आहे आणि राहील. ते काढायला येणार असशील तर येऊ नकोस. ऐकायला येणार असशील तर दुपारी आईला सोबत ने, रविवार अख्खा तुझा आहे. मी तुला टोमणासुद्धा मारणार नाही. मारला तर एखादाच.

आणि नसेल यायचं तर तसं कर. दार बंद करायची भाषा तू मला केली होतीस, आता दाराच्या बाहेर तुझी आईसुद्धा आहे, एवढं ध्यानात ठेव. हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. शेवटी एवढं टाक म्हणाली: "येत नसन तं माह्या बीपीच्या गोळ्या अन् काठी मुग्धाजवळ धाडून दे म्हणा. मले काही घाई नाही."

प्रेमलता